पंचवीस पायऱ्यांची संख्या

गेले काही आठवडे माझ्या वहीच्या एका पानावर सर्वांत वर एकच संख्या लिहिलेली आहे आणि खालचे सगळे पान तिच्याच भागाकारांनी भरत गेले आहे. ती संख्या अशी:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

ही पंचवीस अंकी संख्या आहे. जुन्या गणनेत परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने ही संख्या ३ कोटी ६० लाख ८५ हजार २८८ परार्धांहून थोडी अधिक भरते. मात्र तिच्या मोठेपणाचे मला फारसे अप्रूप नाही, कारण कागदावर कोणतेही पंचवीस अंक ओळीने मांडले की एवढी मोठी संख्या तयार होतेच. मला तिच्याकडे ओढून नेले ते तिच्या अंकांच्या क्रमाने. यातला प्रत्येक अंक एका अटीने आपल्या जागी बसलेला आहे, आणि ती अट पाळणारी याहून मोठी संख्या दशमान पद्धतीत एकही नाही.

अट सांगायला अगदी सोपी आहे. डावीकडून पहिले दोन अंक घेतले की त्यांच्या संख्येला २ ने निःशेष भाग गेला पाहिजे, पहिले तीन घेतले की ३ ने, पहिले चार घेतले की ४ ने, आणि असेच शेवटच्या अंकापर्यंत. ३६ ला २ ने भागले की १८ येतात. ३६० ला ३ ने भागले की १२०, ३६०८ ला ४ ने भागले की ९०२, ३६०८५ ला ५ ने भागले की ७२१७, ३६०८५२ ला ६ ने भागले की ६०१४२. इथवर हे तोंडी जमते. पुढे ३६०८५२८ ला ७ ने भागले की ५१५५०४ येतात, आणि इथे मन पहिल्यांदा थबकते, कारण सातासाठी शाळेत शिकवलेली सोपी कसोटी नसते आणि भाग तर बिनचूक गेलेला असतो. मग ८ ने ४५१०६६१ येतात, ९ ने ४००९४७६५ येतात, दहावा अंक शून्य असल्यामुळे १० ने भाग जाणारच, आणि ११, १२, १३ असे करत आपण २५ पर्यंत पोहोचतो. अशा संख्यांना इंग्रजीत 'पॉलिडिव्हिजिबल' म्हणतात. मराठीत मी त्यांना पायरी-विभाज्य म्हणतो, कारण एकेक अंक म्हणजे एकेक पायरी आहे आणि प्रत्येक पायरीचा भाजक वेगळा आहे.

इथे एक गैरसमज होण्यासारखा आहे, तो आधीच दूर करतो. या पूर्ण संख्येला १ ते २५ पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जातो असे मुळीच नाही. ती स्वतः विषम आहे, तिच्या अंकांची बेरीज ११० असल्यामुळे तिला ३ ने भाग जात नाही, आणि ७, ११ किंवा १३ यांनीही जात नाही. पूर्ण संख्येकडे पाहिले तर १ ते २५ यांपैकी तिला फक्त १, ५ आणि २५ यांनी भाग जातो. ३ ने भाग जाण्याचा गुण तिच्या पहिल्या तीन अंकांचा, सातचा गुण पहिल्या सात अंकांचा. तिचे सगळे वैशिष्ट्य ती कशी वाढत आली यात आहे.

मी हे भागाकार हाताने केले. गणकयंत्राच्या पडद्यावर बहुधा पंचवीस अंक मावत नाहीत, पण तेवढ्यासाठी नव्हे. संगणकाला विचारले तर 'हो' असे उत्तर क्षणात मिळते, मात्र त्या 'हो'च्या आत काय घडले ते दिसत नाही, आणि मला ते पाहायचे होते. हाताने करण्याची सोपी रीत अशी की पूर्ण भागाकार न लिहिता फक्त बाकी पुढे न्यायची: हातात असलेल्या बाकीला दहाने गुणायचे, पुढचा अंक त्यात मिळवायचा, आणि भाजकाचा पाढा आठवून पुन्हा बाकी काढायची. २३ साठी माझ्या वहीत उमटलेली बाक्यांची ओळ अशी आहे: ३, १३, १५, २०, २१, ५, १२, १३, २०, १६, २, ३, १५, १६, २२, १३, २२, २१, ९, २१, ६, २०, आणि मग ०. बावीस पावले ही बाकी वरखाली होत राहते, शून्यावर एकदाही येत नाही. बाविसाव्या अंकाला ती २० असते, तेविसावा अंक ७ आहे, म्हणून हातात २०७ येतात, आणि तेवीस नवे दोनशे सात. हे घडणार आहे हे मला आधीपासून माहीत होते, तरीही पाढ्याची ती ओळ म्हणताना मी पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसता त्या शून्याकडे पाहत राहिलो.

१७ च्या वेळी मात्र एकदा उत्तर चुकले. पहिल्या सतरा अंकांना १७ ने भागून बाकी ८ उरली. पाढा तपासला, वजाबाक्या तपासल्या, सगळे बरोबर होते. शेवटी कळले की चौदाव्या अंकाच्या ४ नंतर ओळीने दोन शून्ये आहेत आणि उतरवून घेताना त्यातले एक माझ्याकडून गळले होते. ते शून्य परत लिहिले तशी बाकीची ओळ ८ वरून १२ वर, १२ वरून १ वर आली, आणि सातासह १७ होऊन संपली. एक शून्य गळल्याने एवढी मोठी रचना कोसळते, यावरून त्या शून्यांचेही या संख्येत किती काम आहे ते नीट समजले.

याच तपासणीत मला या संख्येचा असा एक गुण दिसला जो मला आज तिच्या लांबीपेक्षाही सुंदर वाटतो. शेवटचा ५ बाजूला ठेवून उरलेल्या चोवीस अंकांचे तीन-तीन अंकांचे तुकडे केले, तर ते असे पडतात: ३६०, ८५२, ८८५, ०३६, ८४०, ०७८, ६०३, ६७२. यातल्या प्रत्येक तुकड्याला ३ ने भाग जातो. चार-चार अंकांचे तुकडे करा: ३६०८, ५२८८, ५०३६, ८४००, ७८६०, ३६७२. प्रत्येकाला ४ ने भाग जातो. पूर्ण पंचवीस अंक घेऊन पाच-पाचचे तुकडे केले की ३६०८५, २८८५०, ३६८४०, ०७८६०, ३६७२५ असे पाचाच्या पटीतले तुकडे मिळतात. सहा-सहाचे तुकडे ३६०८५२, ८८५०३६, ८४००७८ आणि ६०३६७२ असे आहेत, आणि चारही सहाच्या पटीत आहेत. पहिले एकवीस अंक सातच्या तुकड्यांत कापले तर ३६०८५२८, ८५०३६८४ आणि ००७८६०३ मिळतात, आणि सातने भागले असता त्यांची उत्तरे अनुक्रमे ५१५५०४, १२१४८१२ आणि ११२२९ येतात. आठाचे तीन तुकडे, नवाचे दोन, अकराचे दोन, बाराचे दोन, सगळीकडे हेच.

पाहताना हे जादूसारखे वाटते, पण कारण चार ओळींत सांगता येते, आणि कारण कळल्यावर आनंद कमी होत नाही असा माझा अनुभव आहे. सातचे उदाहरण घेऊ. पहिल्या चौदा अंकांच्या संख्येला अटीप्रमाणे १४ ने भाग जातो, म्हणजे ७ ने जातोच. पहिल्या सात अंकांना ७ ने भाग जातो, म्हणून त्या सात अंकांपुढे सात शून्ये लिहून होणाऱ्या संख्येलाही ७ ने भाग जातो. मोठ्या संख्येतून ही दुसरी संख्या वजा केली की आठवा ते चौदावा हे सात अंक तेवढे उरतात, आणि सातच्या दोन पटींची वजाबाकी सातच्या पटीतच असते. पुढच्या सात अंकांनाही हाच विचार लागू होतो. याचा अर्थ असा की पायऱ्यांची अट वरवर पाहता फक्त डावीकडच्या टोकापासून मोजलेली असली, तरी ती संख्येच्या मधल्या भागांनाही बांधून ठेवते. प्रत्येक नवा अंक एकाच वेळी कितीतरी तुकड्यांचा शेवटचा अंक असतो. चोविसाव्या स्थानी आलेला २ हा दोनच्या, तीनच्या, चारच्या, सहाच्या, आठाच्या आणि बाराच्या तुकड्यांचा शेवट आहे, आणि त्या सगळ्यांना त्याने एकदम समाधान दिले पाहिजे.

या बंधनांचा नेमकेपणा पाहायचा असेल तर मोठ्या संख्येपासून क्षणभर दूर जाऊन तिच्या एका धाकट्या बहिणीकडे पाहणे सोयीचे आहे. १ ते ९ हे नऊ अंक प्रत्येकी एकदाच वापरून पायरी-विभाज्य संख्या बनवायची असेल तर किती बनतात? उत्तर आहे एक, आणि ती शोधायला कागद-पेन्सिल पुरते. पाचवा अंक ५ असलाच पाहिजे, कारण शून्य वापरायचे नाही. सम स्थानांवर सम अंक येणार, म्हणून उरलेल्या विषम स्थानांवर १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम असताना तिसरा-चौथा मिळून चाराच्या पटीत हवेत, म्हणून चौथा अंक २ किंवा ६. याच न्यायाने आठवाही २ किंवा ६. चौथा, पाचवा आणि सहावा यांची बेरीज तीनच्या पटीत हवी: चौथा २ असेल तर सहावा ८, चौथा ६ असेल तर सहावा ४. म्हणजे सम स्थानांचे चार अंक एक तर ४, २, ८, ६ या क्रमाने येतात, नाही तर ८, ६, ४, २ या क्रमाने. पहिल्या तीन अंकांची बेरीज आणि आठाची कसोटी लावली की पहिल्या प्रकारात सात अंकी दोन उमेदवार उरतात आणि दुसऱ्या प्रकारात आठ. त्या दहांना ७ ने भागून पाहिले की नऊ जण बाकी ठेवतात आणि ३८१६५४७ एकटी निभावते: सात गुणिले ५४५२२१. पुढे २ आणि ९ लावले की ३८१६५४७२९ ही संख्या पूर्ण होते, आणि शेवटी शून्य लावले तर दहाही अंक एकेकदा वापरणारी ३८१६५४७२९० मिळते. दहा उमेदवारांचे ते भागाकार जरूर स्वतः करून पाहावेत असे मी सुचवेन. नऊ वेळा बाकी उरल्यानंतर दहाव्या वेळी भाग जाताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

आता पुन्हा मोठ्या संख्येकडे येऊ आणि ती पंचवीस अंकांवर का थांबते ते पाहू. सर्व पायरी-विभाज्य संख्या लांबीप्रमाणे मोजल्या तर एक अंकी नऊ आहेत, दोन अंकी ४५, तीन अंकी १५०, चार अंकी ३७५, पाच अंकी ७५०, सहा अंकी १२००, सात अंकी १७१३, आठ अंकी २२२७, नऊ अंकी २४९२, आणि दहा अंकीही नेमक्या २४९२. हे शेवटचे दोन आकडे सारखे पाहून मला आधी वाटले की कुठेतरी चूक झाली आहे, पण त्याचे कारण अगदी साधे आहे. दहाव्या पायरीवर १० ने भाग जायला शून्यच लागते, आणि शून्य लावल्यावर भाग जातोच. म्हणून प्रत्येक नऊ अंकी संख्येला नेमके एकच पुढचे घर मिळते, ना कमी ना अधिक. पाचव्या पायरीवर ० किंवा ५ असे दोनच पर्याय, तेही नेहमी उपलब्ध, म्हणून ३७५ च्या नेमक्या दुप्पट ७५०.

दहाव्या पायरीपर्यंत कोणतीही संख्या अडून राहत नाही. शेवटी ० ते ९ यांपैकी एक अंक लावून आपल्याला लागोपाठच्या दहा संख्या मिळतात, आणि लागोपाठच्या दहा संख्यांत ९ ची, ८ ची किंवा १० ची एक तरी पट असतेच. अकराव्या पायरीवर ही हमी प्रथमच संपते. अकराच्या दोन पटींमध्ये दहा संख्यांची जागा असते, त्यामुळे आपल्या दहा संख्या बरोबर त्या मोकळ्या जागेत पडू शकतात. हे कधी घडते तेही नेमके सांगता येते: संख्येपुढे शून्य लावून ११ ने भागले असता बाकी १ उरली, तर भाग जाण्यासाठी १० मिळवावे लागतील, आणि दहा हा अंक नाही. २४९२ पैकी २६७ संख्या इथे थांबतात आणि २२२५ पुढे जातात. मग उतार सुरू होतो. बारा अंकी २०४१, पंधरा अंकी ७७०, अठरा अंकी १८०, वीस अंकी ४४, एकवीस अंकी १८, बावीस अंकी १२, तेवीस अंकी ६, चोवीस अंकी ३, आणि पंचवीस अंकी एक. पायरी जितकी वरची तितकी ती पार होण्याची शक्यता कमी: विसाव्या पायरीला दहापैकी एखादा अंक लागू पडण्याची संधी साधारण निम्मी, पंचविसाव्याला पाचांत दोन.

या सगळ्यांची बेरीज २०४५६ होते. ही बेरीज प्रत्यक्ष न मोजता अंदाजाने काढता येते, आणि त्या अंदाजात अनपेक्षित पाहुणा भेटतो. पहिल्या अंकाला नऊ पर्याय, पुढे प्रत्येक पायरीवर सरासरीने दहा भागिले त्या पायरीचा क्रमांक एवढे पर्याय, असे धरले तर न अंकी संख्यांची अपेक्षित संख्या म्हणजे नऊ गुणिले दहाचा न उणे एकावा घात, भागिले न चे क्रमगुणित (म्हणजे १ पासून न पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार). या सगळ्या पदांची बेरीज केली की ती दहा छेद नऊने गुणल्यावर येते ई या स्थिरांकाचा दहावा घात, उणे एक. ई म्हणजे २.७१८२८ पासून सुरू होणारा, चक्रवाढीत आणि नैसर्गिक लॉगॅरिदममध्ये भेटणारा तोच स्थिरांक. हिशेब केला की अंदाज १९८२३ च्या आसपास येतो. प्रत्यक्षातल्या २०४५६ पेक्षा तो सुमारे तीन टक्क्यांनी कमी आहे. अंक, बाकी आणि पाढे यांच्याच भाषेत चाललेल्या गोष्टीत ई यावा, आणि इतक्या जवळचे उत्तर देऊन जावा, हे मला फार विलक्षण वाटते. याच सूत्राने चोवीस अंकी संख्यांचा अंदाज १.४५ येतो, पंचवीस अंकींचा ०.५८ आणि सव्वीस अंकींचा ०.२२. म्हणजे ही वाट साधारण कुठे संपणार हे अंदाजाला बरेच आधी समजलेले असते. तो सिद्धता मात्र देत नाही. तिच्यासाठी एकेक संख्या तपासावी लागते.

हे संपणे किती निश्चित असते ते पूर्ण पाहायचे असेल तर दशमान सोडून तीनच अंकांच्या पद्धतीत जावे, जिथे ०, १ आणि २ एवढेच अंक असतात आणि प्रत्येक स्थान मागच्याच्या तिप्पट मोलाचे असते. तिथे अंक जोडणे म्हणजे तिनाने गुणून ०, १ किंवा २ मिळवणे. आपल्या नेहमीच्या लिखाणात मोजायचे तर सुरुवात १ आणि २ पासून होते. दुसऱ्या पायरीवर ४, ६ आणि ८ मिळतात, तिसऱ्यावर १२, १८, २४, चौथ्यावर ३६, ५६, ७२. पाचव्या पायरीवर ३६ पासून ११० आणि ५६ पासून १७० निघतात, पण ७२ पासून २१६, २१७, २१८ एवढेच शक्य असते आणि यांत पाचाची पट नाही, म्हणून ती फांदी थांबते. सहाव्यावर ३३० आणि ५१०. सातव्यावर ३३० ला आणखी ४ हवे असतात, ५१० ला ३, आणि त्या पद्धतीत २ च्या वरचा अंकच नाही. एकूण पंधरा संख्या, आणि सर्वांत मोठी ५१०, जी त्या पद्धतीत २००२२० अशी लिहिली जाते. संपूर्ण झाड अर्ध्या पानावर मावते. दशमान पद्धतीतले झाड याच जातीचे आहे. त्यात २०४५६ संख्या आहेत एवढाच काय तो फरक.

त्या मोठ्या झाडाच्या शेंड्याजवळ, चोविसाव्या पायरीवर, तीन संख्या शिल्लक असतात:

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

या तिन्ही मी पहिल्या पायरीपासून तपासल्या आहेत, आणि त्या तिन्ही आपापल्या परीने देखण्या आहेत. तिसरीत नऊ नऊच्या पहिल्या दोन तुकड्यांतल्या अंकांची बेरीज प्रत्येकी ३६ येते. पहिलीचे आरंभीचे चार अंक, १४४४, हा ३८ चा वर्ग आहे (हा योगायोग आहे, अटीशी त्याचा संबंध नाही, पण नजर तिथे जातेच). पंचविसाव्या पायरीवर २५ ने भाग जायला शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ असावे लागतात. चोविसावा अंक सम असतो, म्हणजे तो ० किंवा २ असेल तरच पुढे काही आशा. पहिली आणि तिसरी ६ वर संपतात, आणि साठ ते एकोणसत्तर यांत पंचविसाची पट नाही. एवढ्या पायऱ्या बिनचूक चढून आलेल्या दोन संख्या इथे एका नजरेत निकालात निघतात. मधली २ वर संपते, तिला ५ लागतो, आणि आपली पंचवीस अंकी संख्या तयार होते.

आता सव्विसावी पायरी. २६ म्हणजे दोन गुणिले तेरा, म्हणून इथे दोन मागण्या एकदम येतात. तेराची मागणी तुकड्यांच्या नियमाने तपासता येते. पहिल्या तेरा अंकांना १३ ने भाग गेलेलाच आहे, म्हणून चौदाव्यापासून सव्विसाव्यापर्यंतच्या तेरा अंकांना तो गेला पाहिजे. त्यातले बारा अंक ठरलेले आहेत: ४००७८६०३६७२५. यांना १३ ने भागले की बाकी ९ उरते. तेरावा अंक लिहिताना ही बाकी ९० होते, आणि तेरा साते एक्याण्णव. म्हणजे फक्त १ कमी आहे. सव्विसाव्या जागी १ लिहिला तर १३ ने अगदी निःशेष भाग जातो.

पण २ ची मागणी आहे की शेवटचा अंक सम असावा, आणि १ विषम आहे. तेराला चालणारा यानंतरचा आकडा म्हणजे १ अधिक १३, म्हणजे १४. तो सम आहे, दोनलाही चालतो, तेरालाही चालतो, आणि एका जागी मावत नाही.